परके काळीज आणि शरीराचा जागल्या

डुकराचे काळीज माणसाला बसवले, अशी बातमी २०२२ साली जगभर पसरली. काळीज म्हणजे इथे हृदय. छातीत रात्रंदिवस धडधडते ते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या डॉक्टरांनी हे काम केले होते.

अशी बातमी ऐकली की पहिल्यांदा खरेच वाटत नाही. मग प्रश्न पडतात. जनावराचा अवयव माणसाच्या अंगात जगेल का? जगत असेल, तर मग इतकी माणसे काळजाच्या आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने का मरतात? आणि जगत नसेल, तर का जगत नाही?

प्रश्न गमतीचा नाही. ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, त्याच्या घरच्यांना विचारा. मूत्रपिंड म्हणजे दवाखान्यात ज्याला किडनी म्हणतात ते. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकणे हे त्याचे काम. ते बंद पडले की आठवड्यातून दोनदा-तीनदा शहरात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यावे लागते. येण्याजाण्यात दिवस जातो, मजुरी बुडते, कर्ज होते. दुसऱ्या कुणाचे मूत्रपिंड मिळाले तर माणूस पुन्हा उभा राहतो. पण देणारे थोडे आणि घेणारे फार. म्हणून शास्त्रज्ञांची नजर जनावरांकडे गेली.

जनावराचा अवयव घ्यायला अडचण कोणती? कापण्याशिवण्याची नाही. शिरेला शीर जोडण्याची कला डॉक्टरांना शंभर वर्षांहून अधिक काळ येते आहे. अडचण शरीराच्या आत आहे. ती कोणती, ते या पाठात आपण पाहू.

आपले ते आपले

प्रथम एक जुनी गोष्ट ऐका. ती आपल्या पुण्याची आहे.

१७९२ साली इंग्रजांची टिपू सुलतानाशी लढाई चालली होती. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला. वर्षभर तो बिचारा बिननाकाचा राहिला. मग पुण्यात एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता. त्याने आधी मेणाचे नाक करून पाहिले. ते मेण चपटे करून कपाळावर ठेवले आणि त्या मापाने कपाळाची कातडी सोडवली. ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. कातडी जगली. कावसजीला नाक आले. ही हकिकत चित्रासह १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापली गेली. ती वाचून तिकडचे डॉक्टर चकित झाले.

आता ध्यानात घ्या. कातडी कुणाची होती? कावसजीचीच. कपाळावरची नाकावर आली, एवढेच. शेजाऱ्याची कातडी आणून लावली असती तर ती काही दिवसांत काळी पडून गळून गेली असती.

असे का व्हावे? आंब्याचे कलम आपल्याला ठाऊक आहे. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली, की ती जीव धरते. एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाला चालते. त्याच रोपावर चिंचेची काडी बांधली, तर ती सुकते. झाडालाही जवळचे आणि दूरचे कळते. माणसाचे शरीर तर याहून कडक. त्याला दुसऱ्या माणसाचा तुकडादेखील सहजी चालत नाही. मग जनावराचा कुठला चालणार?

शरीराचा जागल्या

पूर्वी गावोगावी जागल्या असे. रात्री तो गावाची राखण करी. गावातला प्रत्येक चेहरा त्याच्या ओळखीचा. ओळखीचा दिसला की रामराम. अनोळखी दिसला की, ‘कोण आहे रे तिकडे?’

आपल्या शरीरातही असाच जागल्या आहे. तो एक नाही, करोडो आहेत. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. पेशी म्हणजे शरीराची बारीक वीट. डोळ्यांना ती दिसत नाही. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्या पेशीही असतात. या पांढऱ्या पेशी म्हणजेच आपले जागले.

प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खुणा असतात. मेंढपाळ आपल्या मेंढरांना खूण करतो ना, तशाच. माझ्या पेशींवर माझी खूण, तुमच्यावर तुमची. पांढरी पेशी फिरताफिरता खूण पाहते. आपली असली की पुढे जाते. परकी दिसली की हल्ला करते.

हल्ल्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही पांढऱ्या पेशी स्वतः जाऊन परक्या पेशीला मारतात. दुसऱ्या काही पेशी रक्तात एक पदार्थ सोडतात. त्याला प्रतिद्रव्य म्हणतात. गवताचे कुसळ धोतराला चिकटते, तसे हे प्रतिद्रव्य परक्याच्या अंगाला चिकटते. ज्याला ते चिकटले, त्याला रक्तातले इतर मारेकरी ओळखतात आणि फोडून टाकतात.

या जागल्याची आठवणही पक्की असते. एकदा गोवर झाला, की सहसा पुन्हा होत नाही. का? जागल्याने त्या रोगजंतूचा चेहरा लक्षात ठेवलेला असतो. पोरांना आपण लस टोचतो, ती याच आठवणीसाठी.

म्हणजे हा जागल्या आपला वैरी नव्हे. तो नसता तर साध्या खरचटण्याने माणूस दगावला असता. पण त्याला एक गोष्ट कळत नाही. आलेला परका चोर आहे की मदतीला आलेला पाहुणा आहे, हे तो ओळखत नाही. परक्याला हाकलायचे, एवढेच तो जाणतो.

वासराचे रक्त

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. आधी ठेचा लागल्या.

१६६७ साली फ्रान्स देशात झाँ देनी नावाच्या डॉक्टरांनी जनावराचे रक्त माणसाला देऊन पाहिले. पहिल्यांदा एका पंधरा वर्षांच्या मुलाला कोकराचे रक्त दिले. ते थोडे होते. मुलगा वाचला. मग हिंमत वाढली. त्याच वर्षाच्या अखेरीला एका मोठ्या माणसाला वासराचे रक्त दिले. वासरू गरीब असते, त्याच्या रक्ताने या माणसाचे वेड शांत होईल, अशी तेव्हाची समजूत!

पहिल्या खेपेला फारसे काही झाले नाही. दुसऱ्या खेपेला मात्र हात तापला. नाडी जोरात चालू लागली. कपाळावर घाम आला. कंबर दुखू लागली, छाती आवळल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी लघवी झाली ती काजळीसारखी काळी.

काय झाले होते? जागल्याने वासराचे रक्त ओळखले होते. त्याने झडप घातली. वासराच्या रक्तपेशी फुटल्या आणि त्यांचा रंग लघवीतून बाहेर पडला. पण त्या काळी हे कुणाला ठाऊक नव्हते. पुढे तो माणूस मेला, खटला झाला आणि काही वर्षांत फ्रान्समध्ये असे रक्त देण्यालाच बंदी आली.

१९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले, की माणसामाणसांच्या रक्तातही गट असतात. एका गटाचे रक्त दुसऱ्याला चालेलच असे नाही. आज दवाखान्यात रक्त देण्याआधी गट तपासतात, तो याच शोधामुळे.

भावाची कातडी

रक्ताचे कोडे सुटले, पण कातडीचे आणि अवयवाचे राहिले. दुसऱ्या महायुद्धात पुष्कळ सैनिक भाजले. त्यांना कातडी हवी होती. इंग्लंडचे पीटर मेडावर हे शास्त्रज्ञ या कामाला लागले.

ग्लासगो शहरात एक तरुण बाई भाजली होती. तिला तिच्या सख्ख्या भावाची कातडी लावली. काही दिवस ती टिकली, मग गळून गेली. पुन्हा त्याच भावाची कातडी लावली. ती तर आणखी लवकर गळली. मेडावर आणि त्यांचे सोबती डॉक्टर गिब्सन यांनी हे १९४३ साली लिहून ठेवले. यावरून उलगडा झाला, की कातडी आपोआप मरत नाही. शरीर तिला ओळखते, लक्षात ठेवते आणि मारते. या कामाच्या पुढच्या शोधांबद्दल मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सख्ख्या भावाची कातडी चालेना, तर मग चालणार कुणाची? एकाच गर्भातून फुटलेल्या जुळ्यांची. अशा जुळ्यांच्या पेशींवरच्या खुणा अगदी सारख्या असतात. १९५४ साली डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉक्टर जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. जागल्याने हूं की चूं केले नाही. त्याला वाटले, आपलेच आहे! तो रोगी पुढे आठ वर्षे जगला.

पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठला? मग दुसरा उपाय निघाला. जागल्यालाच थोडी गुंगी द्यायची. अशी औषधे निघाली. त्यांतले एक नामांकित औषध मातीतल्या बुरशीपासून मिळाले. १९८३ पासून ते सर्रास वापरात आले. त्यामुळे आईचे मूत्रपिंड मुलाला, बायकोचे नवऱ्याला, मेलेल्या माणसाचे अनोळखी माणसाला चालू लागले.

इथे एक पेच आहे. जागल्या जागा राहिला तर पाहुणा मरतो. जागल्या गाढ झोपला तर चोर शिरतात. चोर म्हणजे रोगजंतू. म्हणून औषध मापात द्यावे लागते. कमी नाही, जास्त नाही. अवयव बसवण्याच्या साऱ्या विद्येतला हा मुख्य पेच आहे. जनावराच्या अवयवात तो फार मोठा होतो. कसा, ते आता पाहा.

आधी माकड, मग डुक्कर

माणसाला जवळचे जनावर म्हणजे वानर-माकडांची जात. म्हणून डॉक्टरांनी आधी तिकडे पाहिले. १९६३-६४ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात डॉक्टर कीथ रीम्ट्स्मा यांनी चिंपांझी वानराची मूत्रपिंडे १३ रोग्यांना बसवली. बहुतेक रोगी काही आठवड्यांत दगावले. कुणाची मूत्रपिंडे शरीराने झिडकारली. कुणाला औषधाच्या गुंगीत रोगजंतूंनी गाठले. म्हणजे पेचाच्या दोन्ही बाजूंनी माणसे गेली. एक शिक्षिका मात्र नऊ महिने जगली.

१९८४ साली कॅलिफोर्नियात एका तान्ह्या मुलीला बबून माकडाचे हृदय बसवले. जगाने तिला बेबी फे या नावाने ओळखले. मुलीचे हृदय जन्मतःच अर्धे होते. ती २० दिवस जगली.

मग शास्त्रज्ञ डुकराकडे वळले. डुकरीण चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेळी आठ-दहा पिले देते. पिले झपाट्याने वाढतात. डुकराचे हृदय आकाराने माणसाच्या हृदयाच्या जवळपास असते. वानराचे असे नाही. ते सावकाश वाढते आणि एका वेळी सहसा एकच पिलू देते. शिवाय वानर माणसाच्या इतके जवळचे, की त्याचे रोग माणसाला सहज लागण्याची भीती असते.

सोय झाली खरी. पण डुक्कर माणसापासून दूरचे. जागल्याला ते लांबूनच दिसते!

साखरेची खूण

साधे डुकराचे मूत्रपिंड माणसाला जोडले तर काय होते? आधी ते गुलाबी दिसते. पण काही मिनिटांत, फार तर काही तासांत, ते निळे-काळे पडते. आतल्या बारीक शिरा फुटतात, रक्त गोठते, मूत्रपिंड मरते. माणसाचे मूत्रपिंड झिडकारायला शरीराला काही दिवस लागतात. डुकराचे मात्र घटकाभरात संपते. इतकी घाई का?

कारण एका साखरेत आहे. ही चहातली साखर नव्हे. डुकराच्या पेशींच्या अंगावर एका विशिष्ट जातीच्या साखरेची खूण असते. गाय, मेंढी, घोडा, कुत्रा यांच्या पेशींवरही ती असते. माणसाच्या पेशींवर ती नाही. वानर आणि आपल्याकडची माकडे यांच्यावरही नाही.

आता गंमत अशी, की आपल्या आतड्यात जे असंख्य जंतू राहतात, त्यांतल्या काहींच्या अंगावर हीच साखर असते. म्हणून तान्हेपणापासून आपल्या जागल्याला ही खूण ठाऊक असते. तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आपल्या रक्तात तयारच असतात. डुकराचे मूत्रपिंड आत येताच ही कुसळे त्याच्या शिरांना सगळीकडून चिकटतात. मग सारे संपायला वेळ लागत नाही.

गुंगीच्या साध्या औषधाने हे थांबत नाही. प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात ना! बाण सुटल्यावर धनुर्धाऱ्याला झोपवून काय उपयोग?

आपल्या देशातही एक प्रयत्न झाला होता. १९९७ साली आसाममध्ये गुवाहाटीजवळ सोनापूर येथे डॉक्टर धनीराम बरुआ यांनी एका रोग्याला डुकराचे हृदय बसवले. तो आठवड्याने दगावला. अवयव बसवण्याविषयी १९९४ सालीच कायदा झाला होता. त्या कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली. साखरेची खूण काढलेले डुक्कर तेव्हा जगात कुठेच नव्हते.

कोकराचे कातडे

मेंढी दुसरीचे कोकरू पाजत नाही. वास घेते आणि ढुशी मारून दूर करते. तिचे स्वतःचे कोकरू मेले असेल, तर हुशार मेंढपाळ एक युक्ती करतो. मेलेल्या कोकराचे कातडे तो पोरक्या कोकराच्या अंगावर घालतो. मेंढीला आपल्या पिलाचा वास येतो. ती पाजू लागते.

शास्त्रज्ञांनी डुकराच्या बाबतीत तेच केले. फरक इतकाच, की कातडे वरून न घालता बियाण्यातच बदल केला.

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा लेख असतो. बी आंब्याचे असले की झाड आंब्याचे होते, ते या लेखामुळे. या लेखातल्या एकेका ओळीला जनुक म्हणतात. साखरेची खूण कशी करायची, हेही एका जनुकात लिहिलेले असते. ती ओळ खोडली की डुक्कर जन्मते, पण त्याच्या अंगावर ती खूण नसते. २००२-०३ च्या सुमारास अशी पिले प्रथम जन्मली.

मग आणखी बदल झाले. २०२२ साली बाल्टिमोरला ज्या डुकराचे हृदय वापरले, त्याच्या लेखात दहा बदल केले होते. डुकराच्या चार ओळी खोडल्या होत्या. त्यांतल्या तीन परक्या खुणांच्या होत्या. चौथी वाढीची होती, म्हणजे हृदय माणसाच्या छातीत वाढतच जाऊ नये. आणि माणसाच्या सहा ओळी नव्याने घातल्या होत्या. हेच ते कोकराचे कातडे.

मग काय झाले?

रोगी ५७ वर्षांचा होता. त्याला माणसाचे हृदय मिळण्याजोगे नव्हते. ७ जानेवारी २०२२ रोजी त्याला डुकराचे हृदय बसवले. घटकाभरात काळे पडण्याचे संकट टळले. हृदय काही आठवडे चांगले चालले. पण दोन महिन्यांनी रोगी वारला. त्या हृदयात डुकराचा एक सूक्ष्म विषाणू लपून आला होता, असे नंतर आढळले. २०२३ साली तिथेच दुसऱ्या रोग्याला असेच हृदय बसवले. तो सहा आठवडे जगला. त्याच्या शरीराने हृदय झिडकारण्याची चिन्हे दाखवली होती.

मूत्रपिंडाची हकिकत थोडी बरी आहे. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला ६२ वर्षांच्या माणसाला डुकराचे मूत्रपिंड बसवले. तो सुमारे दोन महिन्यांनी वारला. पण मूत्रपिंडामुळे मरण आल्याचे चिन्ह नाही, असे रुग्णालयाने सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला एका बाईला बसवलेले मूत्रपिंड १३० दिवस चालले. मधे तिला दुसऱ्या रोगाची लागण झाली. म्हणून डॉक्टरांनी गुंगीचे औषध कमी केले. लगेच जागल्या जागा झाला आणि मूत्रपिंड काढावे लागले. पाहा, तोच पेच! जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनला बसवलेले एक मूत्रपिंड २७१ दिवस चालले. मग तेही मंदावले आणि काढले.

१९६४ साली शिक्षिका नऊ महिने जगली होती, आजही नऊच महिने, मग साठ वर्षांत मिळवले काय, असे कुणी म्हणेल. पण ते वानराचे मूत्रपिंड होते, हे डुकराचे. जे पूर्वी घटकाभरात काळे पडत होते, ते आता महिनोन्‌महिने लघवी गाळते. आणि मूत्रपिंड काढल्यावर रोगी परत यंत्रावर जाऊ शकतो. हे काम अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने रीतसर चाचणीला परवानगी दिली आहे.

मेलेली झडप, घोड्याची लस

जनावराचा एक भाग मात्र माणसाच्या अंगात पुष्कळ वर्षांपासून बसतो आहे. तो म्हणजे डुकराच्या हृदयाची झडप. मोटेला चामड्याचा पडदा असावा, तशा हृदयात झडपा असतात. त्या रक्त मागे येऊ देत नाहीत. फ्रान्सच्या डॉक्टरांनी १९६५ साली डुकराची झडप माणसाला बसवली. पुढे ती एका औषधात भिजवून घेण्याची रीत निघाली. चामडे कमावतात ना, तसाच प्रकार. त्यात पेशी मरतात, फक्त चिवट पापुद्रा उरतो. जिवंत पेशी नाही, तर जागल्याची ओरडही फार नाही. पण मेलेला पापुद्रा स्वतःची डागडुजी करीत नाही. दहा-पंधरा वर्षांत तो कडक होतो आणि झडप बदलावी लागते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले, तर दवाखान्यात सापाची लस टोचतात. ती घोड्याच्या रक्तापासून करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात प्रसिद्ध आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात. घोड्याचा जागल्या प्रतिद्रव्य तयार करतो. तेच आपल्या कामी येते. पण पदार्थ घोड्याचा, म्हणून काही जणांचा जागल्या खवळतो. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, श्वास कोंडतो. डॉक्टरांजवळ यावर औषध तयार असते. म्हणून साप चावला की मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. थेट दवाखान्यात जावे. लस तिथेच घ्यावी.

आपण काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट. तुमच्या घरात किंवा गावात कुणाला मूत्रपिंड बसवले असेल, तर त्याची गोळी चुकू देऊ नका. माणसाला बरे वाटू लागते. तो म्हणतो, ‘आता मी धडधाकट आहे. रोज रोज गोळ्या कशाला?’ इथेच घात होतो. बरे वाटते ते गोळीमुळे. जागल्या मेलेला नसतो, गुंगीत असतो. गोळी थांबली की तो उठतो आणि बहिणीने दिलेल्या मूत्रपिंडालाही परके म्हणतो. वर्षे लोटली तरी तो परके विसरत नाही. पैशाची अडचण असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा. लाजू नका. त्यांनी न सांगता कुणाचे झाडपाल्याचे औषधही सुरू करू नका.

दुसरी गोष्ट. अशा माणसाचा जागल्या अर्धा झोपलेला असतो, म्हणून त्याला रोग लवकर लागतो. त्याला उकळलेले पाणी द्या. शिळे अन्न देऊ नका. घरात कुणाला खोकला-ताप असेल तर त्याने दूर राहावे. त्याला स्वतःला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट. ‘जनावराचा अवयव बसवून देतो, इतके पैसे आणा,’ असे कुणी सांगितले तर फसू नका. आपल्याकडे दवाखान्यात असा जिवंत अवयव बसवण्याचा उपचार आज मिळत नाही. माणसाचे मूत्रपिंड विकणे आणि विकत घेणे हाही गुन्हा आहे.

चौथी गोष्ट. डुकराचा अवयव आपल्या धर्माला चालेल का, असाही प्रश्न काहींना पडेल. तो ज्याने त्याने विचार करून ठरवावा. पण माणसाने माणसाला द्यावयाचे दान आजच आपल्या हाती आहे. अपघातात कुणाचा मेंदू कायमचा मेला, डॉक्टरांनी कायद्याप्रमाणे तसे ठरवले, तर घरच्यांच्या संमतीने त्याचे हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडे दुसऱ्यांना देता येतात. एका मेलेल्या माणसाकडून चार जणांचे प्राण वाचू शकतात. याविषयी घरात आधीच बोलून ठेवावे. दुःखाच्या वेळी ते सुचत नाही.

शास्त्रज्ञ डुकराच्या अंगावर माणसाचे कातडे चढवीत आहेत. उद्या ते साधेलही. तोवर हजारो रोगी यंत्राला टेकून वाट पाहत आहेत. त्यांना आज जे मूत्रपिंड मिळेल, ते माणसाकडूनच मिळणार आहे. शरीराचा जागल्या आपपर भाव धरतो, तो त्याचा स्वभाव आहे. माणसाच्या मनाला मात्र परक्यालाही आपले म्हणता येते.